सोन्याच्या पगाराची चिठ्ठी

लेस्टर (इंग्लंड), 7 डिसेंबर 2025

ती. आईस शि. सा. नमस्कार, सोन्याला अनेक आशीर्वाद.

सोन्या, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, निम्मं तुझ्यासाठीच आहे.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "तिकडं सरकार घरबसल्या पैसे वाटतं, म्हणून लोक आळशी झालेत. हातपाय चालतात त्याला कशाला पाहिजे मदत?" माझी कामाला निघायची वेळ झाली होती, म्हणून मी फोन ठेवला. पण आठवडाभर ते डोक्यातून गेलं नाही.

माझ्याबरोबर इथलीच एक बाई काम करते, तीन मुलांची आई. आम्ही घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवतो, आंघोळ घालतो, गोळ्या देतो, खायला करून देतो. ती सकाळी सहाला बाहेर पडते आणि रात्री नऊला घरी पोचते. मोबाइलवर एक ॲप आहे. गिऱ्हाइकाच्या दारात पोचलं की घड्याळ सुरू, बाहेर पडलं की बंद. अर्धा तास एका घरी, मग वीस मिनिटं बस, मग पाऊण तास दुसऱ्या घरी. बसमधल्या वीस मिनिटांचा आणि दुपारी रिकाम्या जाणाऱ्या दोन तासांचा तिला पैसा मिळत नाही. कायद्यानं दोन घरांमधला प्रवास कामातच धरायचा असतो. पण भांडणार कोण? पुढच्या आठवड्यात किती तास द्यायचे ते काम देणाऱ्या एजन्सीच्याच हातात. इथं एप्रिलपासून किमान मजुरी तासाला 12.21 पौंड आहे. तू लगेच रुपयात गुणाकार करशील. करू नकोस, भाडंही पौंडातच द्यावं लागतं. आणि पंधरा तास घराबाहेर राहून पगार आठच तासांचा असेल, तर तासाचा दर घेऊन काय करायचं?

तिला सरकारकडून युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना दर महिन्याची मदत, मिळतं. नोकरी नसलेल्याला मिळतं, तसं कमी पगारात राबणाऱ्यालाही मिळतं. मात्र ठरावीक कमाईच्या पुढे प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स त्यातून कमी होतात. म्हणजे जादा काम केलं तरी हाताला लागतं ते निम्म्याहून कमी. एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचे पैसे त्यात धरत नव्हते. तिची धाकटी सहा वर्षांची आहे, त्यामुळे ती त्यातच अडकली. येत्या एप्रिलपासून ही अट निघणार असं गेल्या महिन्यात अर्थसंकल्पात जाहीर झालं, तेव्हा बसमध्ये तिनं ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली. (मला यातलं काही मिळत नाही. माझ्या व्हिसावर तशी अटच आहे. माझं भागतं, आई, काळजी करू नकोस.)

इतकं असूनही महिन्याच्या शेवटी ती फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा मिळतो तिथं, जाते. एकदा मी बरोबर गेले होते. चर्चच्या मागची खोली, लांब टेबल, दोन पिशव्या. पास्ता, राजम्यासारख्या बीन्सचे डबे, चहा, मुलांसाठी बिस्किटं. ती थेट कामावरून आली होती, अंगावर गणवेश. दाराशी थांबून तिनं कोटाची बटणं पार गळ्यापर्यंत लावली.

आई, मला तू दिसलीस. रेशनच्या रांगेत लागण्याआधी कंपनीचा ॲप्रन घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवायचीस. "कंपनीत आहेस, मग तुला कशाला पाहिजे रेशनचे गहू?" असं शेजारचं कुणीतरी बोललं होतं तुला. अंबडला अकरा वर्षं पॅकिंगला होतीस. ठेकेदार बदलला की कागद नवा आणि काम तेच. अकरा वर्षांत तुझ्या नावावर ना पीएफ, ना विमा. तू आळशी होतीस का गं? सोन्या, तूच सांग.

मी सकाळी ज्या आजींकडे जाते, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील इथल्या होजिअरीच्या कारखान्यात होते. 5 जुलै 1948 ला मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्याआधी डॉक्टरला बोलवायचं की नाही हे आई पैसे मोजून ठरवायची, म्हणतात. तुझं बोलणं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हा वाद माझ्या जन्माआधीचा आहे. 1899 मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली. ते स्वतः चॉकलेटच्या कारखानदाराचे चिरंजीव. ज्यांना पोटापुरतंही पुरत नव्हतं, त्यांतले निम्म्याहून जास्त लोक अशा घरांतले निघाले, जिथला कर्ता माणूस रोज कामावर जात होता. मजुरीच अपुरी होती.

आजींना वाटतं, मालक कमी देतो आणि उरलेलं सरकार भरतं, म्हणजे ही मदत मालकालाच झाली. मला ते अर्धंच पटतं. मालकाकडून पुरी मजुरी आणि प्रवासाचे पैसे वसूल करायलाच हवेत. पण ते होईपर्यंत त्या तीन मुलांनी उपाशी झोपायचं का? मदत बंद केली म्हणून एजन्सी दुसऱ्या दिवशी पगार वाढवणार नाही.

आणि हे सगळं गोऱ्यांचंच आहे असं समजू नकोस. आपली आजी 1972 च्या दुष्काळात सिन्नरला खडी फोडायला होती, सुकडी खाऊन दिवस काढले, हे आईनं किती वेळा सांगितलंय. त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. मागेल त्याला काम देण्याचा कायदा 1977 मध्ये झाला, देशाला तो 2005 मध्ये मिळाला. तू पाठवलेल्या पगाराच्या चिठ्ठीत 'व्यवसाय कर 200' अशी ओळ आहे ना? हा कर 1975 मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करायलाच आणला. शहरातल्या पगारदारानं भरायचा आणि गावातल्या माणसाला काम मिळायचं.

त्याच चिठ्ठीत खाली 'ईएसआय 105' आहे, म्हणजे कामगार विम्याची कपात. तुझ्या 14,000 पगाराचा पाऊण टक्का. मालकानं आणखी सव्वातीन टक्के भरायचे असतात. तू म्हणालास कार्ड मिळालेलं नाही, विमा क्रमांक माहीत नाही. मग पैसे दर महिन्याला जातात कुठं? उद्याच ठेकेदाराकडे क्रमांक माग. नियुक्तिपत्रही माग. 21 नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. एकटा जाऊ नकोस, लाइनवरच्या चार-पाच पोरांना घेऊन जा. उपकार मागतोय असं बोलू नकोस. तुझ्याच पगारातून कापलेत.

क्रमांक मिळाला की आईचं नाव तुझ्यावर अवलंबून म्हणून घाल आणि सुट्टीच्या दिवशी तिला सातपूरच्या कामगार विम्याच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला ने. आई, मागचे एक्स-रे ट्रंकेत साड्यांच्या खाली आहेत, पिवळ्या पिशवीत. ते घेऊन जा.

तुझी,
ताई