बाई, ‘साल काय?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय बाईंना,
सांगलीतल्या रविवारच्या शब्दबैठकीकडून सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय, कारण इंग्रजी शब्दांचा नाद असलेली मंडळी तासगाव, विटा, कराडकडेही आहेत आणि तुम्ही लावलेली शिस्त त्यांच्याही उपयोगाची आहे. शब्द काय, कोशातही मिळाले असते. तुमच्याकडून मिळाला तो एक प्रश्न. कुणी कितीही रंगवून एखाद्या शब्दाची जन्मकथा सांगितली, की तुम्ही शांतपणे विचारायचात, “साल काय?”, म्हणजे तो शब्द छापून आलेला कधीचा सापडतो? निम्म्या कथा तिथेच बसायच्या.

दुसरे आभार मार्केट यार्डाचे. दुर्मिळ, भारदस्त शब्दांमागे न धावता आधी आपल्या यार्डात विकला जाणारा माल इंग्रजीत शोधा, हे तुमचं सांगणं सुरुवातीला फारसं रुचलं नव्हतं. मग बेदाण्याची चिठ्ठी झाली (चिठ्ठी म्हणजे शब्द आणि त्याचा छापील दाखला टिपलेला कागद). बेदाणा म्हणजे फारसी ‘बे’ अधिक ‘दाना’, बी नसलेला. त्यामुळे ‘थॉम्सन सीडलेसचा बेदाणा’ म्हटलं की बिनबियांचं दोनदा सांगून होतं. इंग्रजीतला ‘रेझिन’ फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये ‘रेझँ’ म्हणजे ताजं द्राक्ष. वाळवलेलं म्हणायचं तर तिथे पुढे ‘सेक’ जोडावं लागतं. मग इंग्रजीतला ‘ग्रेप’ कुठला? तोही फ्रेंचच, पण त्याचा जुना अर्थ एक द्राक्ष नव्हे, घड. त्याच्याही मागे गेलं तर बहुधा घड ओढून तोडायचा आकडा. ‘ग्रॅपल’, म्हणजे झोंबणे, पकडणे, हा त्याचाच भाऊबंद. हे दोघे यायच्या आधी इंग्रज द्राक्षाला ‘वाइन-बेरी’ अशा अर्थाचा जोडशब्द वापरत. ‘करंट’ हा बारका बेदाणा ग्रीसमधल्या कॉरिंथ बंदराच्या नावाचा. आइसक्रीमच्या पाटीवरचं ब्लॅककरंट मात्र झुडपावरचं वेगळंच फळ, द्राक्षवेलीशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.

गुळाची चिठ्ठी याहून गोड. इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द दक्षिणेतल्या किनाऱ्यावर उचलला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत उतरला. मुळाशी संस्कृत ‘शर्करा’. ‘शुगर’ही शर्कराच, पण फारसी, अरबी, लॅटिन, फ्रेंच असा लांबचा वळसा घालून त्याच्या तीनेकशे वर्षं आधी पोचलेली. म्हणजे साखर, शुगर आणि जॅगरी या सख्ख्या बहिणी, आणि ज्याच्यासाठी जॅगरी वापरायचं तो आपला गूळ संस्कृत ‘गुड’चा, दुसऱ्याच घरातला.

‘कँडी’वर तर दोन रविवार गेले. खायची कँडी संस्कृत ‘खंड’वरून, फारसी-अरबीच्या वाटेने. वजनाची कँडी वेगळी: ती आपली खंडी, वीस मणांची. कापसाचा भाव आजही कँडीवर सांगतात आणि ती साधारण 356 किलोची धरतात. तिसरे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थने हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पुरा केला, तो 1847 मध्ये निघाला. यांचा साखरेशी काही संबंध नाही, हेही चिठ्ठीवर लिहायला तुम्ही लावलंत. पुढच्याला तोच मोह होणार, म्हणून.

चिठ्ठीची रीत जशी घालून दिलीत तशीच चालू आहे. पोस्टकार्डाएवढा कागद. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, स्पेलिंग छापलं असेल तसंच, सुधारून नाही. खाली संपूर्ण वाक्य. अर्धं तोडलेलं वाक्य पुढे कुणाच्याही उपयोगाचं नसतं. मग पुस्तक, पान, आणि साल. घोळ होतो तो सालात. हातातली प्रत पाचव्या आवृत्तीची असेल तर तेच साल लिहिलं जातं आणि शब्द फुकटचा तीस वर्षांनी तरुण होतो. स्कॅन केलेल्या नियतकालिकांत उलटं होतं: शोधयंत्र कधी कधी सगळ्या अंकांना पहिल्या अंकाचं साल चिकटवतं, म्हणून मुखपृष्ठाचं पान उघडून बघितल्याशिवाय चिठ्ठी भरायची नाही. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो; ‘बेस्ट’ शोधून सापडत नसेल तर ‘बेफ्ट’ शोधून बघायचं. एका चिठ्ठीवर एकच शब्द, हा नियम कडक का, ते ‘डॉर्ड’च्या फजितीनं पटतं. अमेरिकेतल्या वेबस्टर कोशाच्या कार्यालयात 1931 साली एकाच चिठ्ठीवर दोन रूपं आली: मोठा डी किंवा छोटा डी, हे घनतेचं संक्षिप्त रूप. ती चुकून संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, ‘डी ऑर डी’ हे सलग वाचलं गेलं, आणि 1934 च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ म्हणजे घनता असा कधीच नसलेला शब्द छापून आला. नोंदीत व्युत्पत्ती नाही, हे 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं तेव्हा चोरी उघडी पडली.

दुर्मिळ शब्दांबद्दलही तुमचंच खरं ठरलं. ऑक्सफर्डच्या कोशासाठी त्याचे संपादक जेम्स मरे यांनी 1879 मध्ये वाचकांना दाखले पाठवायची हाक दिली, तेव्हा त्यांच्या हाती ‘अब्यूजन’ या कुणी न वापरणाऱ्या शब्दाचे पन्नासेक दाखले होते आणि रोजच्या ‘अब्यूज’चे पाचही नव्हते. हौशी माणूस चमकदार खडा उचलतो, रस्त्याची खडी कोण मोजणार?

आता त्या कथा. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे अजूनही शाळांतून सांगितलं जातं. ते ‘न्यू’चं साधं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ ही ‘टिप’ची आद्याक्षरंही तशीच नंतर बसवलेली. ‘पॉश’ची गोष्ट तर थेट आपल्याकडच्या बोटीतली: मुंबईला येताना डावीकडची, परतताना उजवीकडची सावलीतली खोली, म्हणून तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या चार आद्याक्षरांचा शिक्का. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. तुमचा ठोकताळा सोपा आहे: विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांपासून बनला असं कुणी म्हणालं, की पुरावा हातात येईपर्यंत ऐकून सोडून द्यायचं. याउलट ‘मंगूज’ खराच मराठीतून गेला, आपलं मुंगूस. म्हणून त्याचं अनेकवचन ‘मंगूजेस’. ‘गूज’चं ‘गीस’ होतं ते हंसाच्या घरचं, मुंगसाचा त्या हंसाशी काय संबंध?

वापराच्या बाबतीत तुम्ही चूक दाखवून थांबला नाहीत, ती मराठीच्या कुठल्या सांध्यातून आली ते दाखवलंत. ‘आय हॅड गॉन टू मिरज येस्टरडे’ हे आपल्या ‘काल मिरजेला गेलो होतो’चं भाषांतर. मराठीतला ‘होतो’ एकटा उभा राहू शकतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला नंतर घडलेली दुसरी गोष्ट सोबत लागते: मी स्टँडवर पोचलो तोवर गाडी गेलेली होती. ती सोबत नसेल तर नुसतं ‘वेंट’. ‘आय केम टुडे ओन्ली’ मधला ‘ओन्ली’ हा आपला ‘च’. इंग्रजीत त्या कामाला एक ठरावीक शब्द नाही. आवाजाचा जोर ‘टुडे’वर द्यावा लागतो, किंवा ‘जस्ट टुडे’ म्हणावं लागतं. आणि ‘डिस्कस अबाउट’ का सुटत नाही? कारण ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे. नाम असेल तर ‘अबाउट’, क्रियापद असेल तर थेट विषय, एवढं धरून ठेवलं की पुरतं.

एका ठिकाणी आमचं-तुमचं अजून जुळलेलं नाही. उत्तर देणे या अर्थी ‘रिव्हर्ट’ तुम्हाला अजिबात खपत नाही. पण ‘प्रीपोन’ला तुम्हीच पदरात घेतलंत, ‘पोस्टपोन’च्या समोर रिकामी असलेली जागा त्यानं भरली, हा तुमचाच युक्तिवाद. ‘स्टेपनी’लाही घेतलंत. गॅरेजातला अडाणी शब्द म्हणून हसणाऱ्यांना तुम्ही वेल्समधल्या लानेली गावची स्टेपनी स्ट्रीट दाखवलीत: मोटारी जादा चाकाशिवाय विकल्या जात त्या काळात, 1904 च्या सुमारास, तिथे जोडचाक निघालं आणि रस्त्याचं नाव त्याला चिकटलं. इंग्रज विसरले, आपण ठेवलं. मग उद्या ‘रिव्हर्ट’ही आपल्याकडे राहिला तर? या मुद्द्यावर तुमच्याकडून चिठ्ठी हवी आहे, दाखल्यासकट.

हळदीची चिठ्ठी तुमच्या मनासारखी झाली असावी. ‘टर्मरिक’ हा इंग्रजीत शेकडो वर्षं मुरलेला शब्द. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘तेर्रा मेरिता’, म्हणजे गुणी माती, असं काहीसं रूप मिळतं, पण हळकुंडाला माती का म्हणावं याचं समाधानकारक उत्तर कोशांत नाही, आणि ‘टर्मरिक’ त्यावरूनच आला हेही ठरलेलं नाही. सांगलीची हळद म्हटल्यावर इथेच काहीतरी गोड जुळवून टाकावं असा आग्रह बैठकीत झाला होता. जुळवलं नाही. व्युत्पत्तीच्या ओळीत ‘अनिश्चित’ लिहून चिठ्ठी डब्यात ठेवली आहे.

आपले,
रविवारचे विद्यार्थी
सांगली