बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे आमच्या बोळात किती?

सप्रेम नमस्कार,

पावसाळ्यात कोल्हापूरकराची सकाळ एकाच आकड्यावर उजाडते: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. पण ४३ झाले म्हणजे आपल्या बोळाच्या तोंडाशी पाणी येणार की जिन्यापर्यंत, हे कुणी सांगत नाही. २०१९ ला "एवढं काय येत नाही" म्हणत बसलो आणि गाद्या, रेशन, पोरांची दप्तरं भिजल्यावर रात्री बोटीतून बाहेर पडलो.

यंदा विद्यापीठात शिकणाऱ्या काही मुलामुलींनी हेच काम हातात घेतलंय. खरं सांगायचं तर आधी आम्ही त्यांना दारातच उभं केलं. मागे एका कॉलेजची पोरं सर्व्हेचे फॉर्म भरून घेऊन गेली ती गेलीच. ही मात्र लेव्हलचं यंत्र घेऊन आली आणि घरोघरी एकच विचारत सुटली, "पाणी कुठवर आलं होतं?" एका आजींनी कॅलेंडर बाजूला सारून भिंतीवरच्या पेन्सिलीच्या दोन रेघा दाखवल्या, एक २०१९ ची, एक २०२१ ची. पोरीनं तिथं मोजपट्टी उभी धरली आणि उंची वहीत उतरवली.

अशा खुणा आणि त्या त्या दिवसाची बंधाऱ्यावरची पातळी जुळवून गल्लीच्या कोपऱ्यावर पट्टी रंगवायची: 'बंधाऱ्यावर ४५ झाले की पाणी इथं.' नाल्याकाठचा हिशेब निराळा. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं, त्यामुळे सुतारवाड्याकडची मापं वेगळी काढावी लागतील.

यंत्र आणि शिकवणारे सर विद्यापीठाचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमातले श्रेयांक, द्यायची सोयही आहे. पण रंगाला, पत्र्याला क्रेडिट चालत नाही, तिथं रोखच लागते.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करून खेड्यातली पोरं इथं शिकायला आणली, १९६२ ला विद्यापीठ झालं, ओघ वाढला. त्यांना खोल्या आपण दिल्या, डबे आपण पोचवले. तेव्हा तुमच्याकडून काम करून घ्यायचा हक्क आमचाच, असं आम्ही या पोरांना ऐकवलं. ती हसली आणि अजून एक चहा मागितला.

तर मंडळी, पट्ट्या पावसाच्या आधी लागायला हव्यात. जमेल तेवढी वर्गणी द्या, पावती घ्या. ऑइलपेंट, पत्रा, शिडी, वस्तूही चालतील. कोपऱ्यावर ज्यांची भिंत आहे त्यांनी रंगवायला परवानगी द्यावी. रविवारी पोरं मापं घ्यायला येतात, चार घरांनी त्यांच्या जेवणाचं बघावं. सर्वेक्षणातून निवृत्त झालेलं कुणी असेल तर हवंच आहे.

आणि पैशापेक्षा जास्त गरज आहे ती पुराच्या फोटोंची. मोबाईलमधले, अल्बममधले, २००५ चे असतील तर सोन्याहून पिवळं. मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी ७ ते ९ कुणीतरी असतं. फोटोबरोबर तारीख सांगा, आणि पाणी किती वाजता तिथं होतं ते आठवत असेल तर तेही.