पेन्सिलीच्या चित्राला भिंत का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका चित्रप्रदर्शनासाठी मी आठ पेन्सिल रेखाटने नेऊन दिली. संयोजकांनी ती चाळली आणि म्हणाले, "सर, छान आहेत, पण पूर्ण झालेली चित्रं आणा की." शेवटी ती दाराजवळच्या टेबलावर, माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी पडून राहिली. माझी रेखाटने डावी असतीलही, ते सोडा. पण झटपट काढलेले म्हणजे कच्चे, ही समजूत मला खटकली.

त्यातले एक गणपत गल्लीत काढलेले. मिरची तोलणारी मावशी. गिऱ्हाईक जाईपर्यंत जेमतेम दोन मिनिटे मिळाली. नाक-डोळ्यांना वेळच नव्हता. तागडी धरलेला हात मात्र दोनदा उमटला, आधी वर, मग जरा खाली. खोडरबर लावला असता तर हात 'बरोबर' आला असता आणि तागडी हलायची थांबली असती. खांद्यापाशी फोर-बी, म्हणजे मऊ, गडद पेन्सिल, आपोआप दाबली गेली, कारण भार तिथेच होता. हेच घरी बसून रंगात करायला गेलो आणि तीनदा फसलो. मावशीला वही दाखवली तर म्हणाली, "तोंड कुठं हाय माझं?"

डच चित्रकार रेम्ब्रांटचे एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दोघीजणी मुलाला चालायला शिकवताहेत, समोर बाप हात पसरून बसलाय, मागून बादली घेतलेली दूधवाली चाललीय. ते बोरूचे आहे, पेन्सिलीचे नव्हे. पण मोजक्याच फटकाऱ्यांचे. त्याला अपुरे म्हणायची कुणाची छाती आहे?

बेळगावात तरी हे सांगावे लागू नये. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांचे 'चित्रमंदिर', जिथे ते चित्रकला शिकवत, ते इथलेच. त्यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपेही इथलेच, आणि त्यांच्या रेषेची ओळख वेगळी करून द्यायला नको. तरीही आपल्याकडे चित्राची किंमत कॅनव्हासच्या फुटांवर आणि लागलेल्या दिवसांवर ठरते. दोन मिनिटांमागे किती वर्षांच्या वह्या भरल्या, ते कोण विचारतो? त्या वह्या बहुधा रद्दीत जातात. माझ्याही गेल्यात.

संयोजकांना एवढीच विनंती, पुढच्या वेळी रेखाटनांना एक भिंत द्या, टेबल नको. चौकटी आम्ही करून आणू, काचेसह. पेन्सिल हाताळून पुसट होते, म्हणून काच हवीच.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
शहापूर, बेळगाव