ओठांवरचे डाग आणि आतड्यातल्या गाठी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या भावाच्या मुलीच्या खालच्या ओठावर ती दोन वर्षांची असल्यापासून तिळाएवढे निळसर-काळे ठिपके होते. ‘जांभळं खाल्लीस का गं?’ असे येणारे-जाणारे विचारत आणि आम्हालाही त्याचे कौतुकच वाटे. नवव्या वर्षी आतड्यात आतडे शिरून तिच्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, टाके काढले आणि विषय संपला असे आम्ही समजलो. तेराव्या वर्षी पुन्हा तेच दुखणे उद्भवले, तेव्हा एका निवासी डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या गालाच्या आतली बाजू पाहिली, तिथलेही ठिपके पाहिले आणि जुना बायोप्सी अहवाल मागितला. ‘हॅमार्टोमा प्रकारचा पॉलिप’ (म्हणजे त्या जागेच्याच पेशी अव्यवस्थित वाढून आतड्याच्या अस्तरावर झालेली गाठ) असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. चार वर्षे तो कागद आमच्या कपाटात होता आणि त्याचा अर्थ आम्हाला कोणीही सांगितला नव्हता.

या आजाराचे नाव पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम. नेदरलँड्सच्या डॉ. पॉइट्झ यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबात तो नोंदवला आणि १९९८ मध्ये त्यामागचे एसटीके-११ हे जनुक सापडले. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी असते. हे डाग स्वतः घातक नसतात, पण पुढे आतडे, जठर, स्वादुपिंड आणि स्तन यांच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. म्हणूनच तक्रार नसली तरी आठव्या वर्षाच्या सुमारास दुर्बिणीने पहिली तपासणी करावी, असे तज्ज्ञ सुचवतात. ओठांवरचे डाग वयात आल्यावर बरेचदा फिकट होतात, त्यामुळे मोठ्या माणसांचे निदान अधिकच निसटते. माझ्या भावाचे तसेच झाले. त्याच्या शाळेतल्या फोटोत ते डाग आहेत, आज नाहीत.

आतड्यात आतडे शिरलेले मूल, विशेषतः मोठे मूल, शस्त्रक्रियेला आले तर त्याचे ओठ आणि तोंड आतून पाहावे, घरात कोणाला असा त्रास झाला होता का हे विचारावे आणि बायोप्सीचा अहवाल पालकांना समजावून सांगावा, एवढीच माझी शल्यचिकित्सकांना कळकळीची विनंती आहे. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. जनुकीय चाचणी त्यानंतरची. मुंबईत टाटा स्मारक केंद्रासारख्या ठिकाणी त्यासाठी समुपदेशनाची सोयही आहे.

भावाची पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, गेल्या महिन्यात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झाली. माझ्या रक्ताचा नमुनाही आता तपासणीला गेला आहे.

आपली नम्र,
एक वाचक