तात्यांचा काकडा रेकॉर्ड करताना

पुणे, शुक्रवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा काकडा कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रेकॉर्ड करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तात्यांच्या गवळणींच्या चाली कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, त्यांच्या गळ्यातच आहेत. म्हणून 'लेव्हल किती ठेवू?' या तुझ्या एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहितो.

मीटर लाल दिव्याला टेकेपर्यंत गेन, म्हणजे रेकॉर्डरने आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, चढवायचा, असं तुला कुणी सांगितलंय म्हणतोस. तो कॅसेटच्या काळातला नियम. टेपची स्वतःची खरखर असायची. सर्वांत मोठा आवाज आणि ती खरखर यांच्यात साध्या कॅसेटवर जेमतेम 50 डेसिबलचं अंतर मिळे. हळू रेकॉर्ड केलं की गाणं खरखरीत बुडायचं. आणि काटा थोडा लालमध्ये गेला तरी टेप सांभाळून घ्यायची. डिजिटलमध्ये ती सवलत नाही. मीटरचं वरचं टोक 0, बाकी सगळे आकडे त्याच्या खाली, उणे. 0 च्या वर काही लिहायला जागाच नाही, म्हणून लाटेचा माथा कापला जातो. अशी फाईल ऑडॅसिटीत (आवाजाची लाट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून टाळाच्या ठोक्यापाशी झूम करून बघ. टोकाऐवजी आडवी सरळ रेघ दिसते. मागाहून आवाज कमी केला तर ती रेघ खाली सरकते, पण कापलेला माथा काही परत येत नाही.

आता उलटी भीती: हळू रेकॉर्ड झालं तर? रेकॉर्डर 24 बिटवर ठेव (बिट जितके जास्त, तितका हळू आवाजही बारकाईने लिहिला जातो) आणि ही भीती सोडून दे. एका बिटामागे साधारण 6 डेसिबल धर. 16 बिटचे 96 होतात, 24 चे कागदावर 144. प्रत्यक्षात कुठलंही यंत्र तेवढं देत नाही, पण वर 12 डेसिबल मोकळे सोडलेस तरी दोनच बिट गेले. पहाटेच्या देवळातले रातकिडे आणि सभामंडपातला पंखा रेकॉर्डरच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठे असतात. पंखा तेवढा बंद करायला सांग.

खरी अडचण टाळांची आहे. पेटीचा सूर लांबतो, मीटरवर निवांत दिसतो. टाळाचा ठोका मात्र क्षणात उसळतो आणि विरतो. जुन्या काट्याच्या मीटरला जागेवर यायलाच 300 मिलिसेकंद लागायचे, त्याला तो दिसायचाही नाही. त्यामुळे सरासरीकडे बघू नकोस, पीकचा, म्हणजे क्षणभर गाठलेल्या सर्वांत उंच टोकाचा, आकडा बघ. आणि लेव्हल भूपाळीवर लावू नकोस. तेव्हा चारच माणसं असतात, तात्यांचा गळाही तापलेला नसतो. लेव्हल आरतीवर लाव. सगळे टाळ, पखवाज आणि वर देवळाची घंटा, त्या गदारोळात पीक उणे 10 च्या आसपास राहील इतकाच गेन ठेव. शेवटच्या दिवशी गर्दी वाढते, ते 10 डेसिबल तिच्यासाठी. मग भूपाळी उणे 30 वर दिसली तरी दिसू दे. गेनला मध्येच हात लावायचा नाही.

ऑटो लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरने आपणहून गेन वरखाली करणं, आठवणीने बंद कर. ते चालू राहिलं तर दर टाळाला तात्यांचा आवाज दबतो, ठोका विरला की रातकिड्यांसकट वर येतो. ऐकवत नाही.

रेकॉर्डर कुठे ठेवतोस यावरही बरंच आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. देवळात भिंतींमुळे थोडा कमी उतरेल. तात्यांच्या समोर, छातीच्या उंचीवर, हातभर लांब ठेव आणि टाळकऱ्यांना एक पाऊल मागे उभं राहायला सांग. ते ऐकतील, तात्यांचं नाव घे. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्यायचा विचार असेल तर ती माइकच्या इनपुटला लावू नकोस, लाइनच्या इनपुटला लाव. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, मिक्सरचा त्याच्या कैक पट. माइकच्या इनपुटात तो आवाज आकडे व्हायच्या आधीच फाटतो आणि गेन उतरवलास तर मीटर उणे 12 दाखवून तुला फसवतं. म्हणून हेडफोन लावून ऐकायचंच.

पहिले दोन-तीन दिवस नुसतं जमवण्यासाठी धर. त्यातली एक आरती मला पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मूळ वेव्ह फाईल ड्राइव्हवर टाक. हळू वाटली तरी तू वाढवू नकोस, ते मी इथे करीन.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश