उंदरांवरचा प्रयोग आणि रुग्णाचा डोस

महोदय, कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्याने अश्वगंधा सुरू करावी, म्हणजे डोस वाढवावा लागत नाही, असा सल्ला अधूनमधून कानावर येतो. तो अगदीच हवेतला नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील कुलकर्णी आणि निनान यांनी १९९७ मध्ये उंदरांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. शेपटीला उष्णतेचा चटका दिला की उंदीर ती किती वेळाने झटकतो, हे त्यात मोजतात. मॉर्फिन रोज दिले की त्याची सवय होते आणि शेपटी पुन्हा लवकर झटकली जाते. नऊ दिवस सोबत अश्वगंधा दिलेल्या उंदरांत ही सवय कमी जडली. दहाव्या दिवशी नॅलोक्सोन टोचून मॉर्फिनचा परिणाम तोडल्यावर त्यांच्या उड्याही, म्हणजे औषध तुटल्याच्या तळमळीचे लक्षणही, कमी भरल्या. मात्र नुसत्या अश्वगंधेने वेदना शमली नाही, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

शिवाय अश्वगंधेचा डोस होता किलोमागे १०० मिलिग्रॅम. उंदराचा हा हिशोब माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. मॉर्फिनने आधीच गुंगी असते, त्यात अश्वगंधेनेही झोप येऊ शकते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मॉर्फिनचा डोस पुरेनासा झाला तर डॉक्टर तो वाढवतात किंवा औषध बदलतात. निदान चूर्ण चालू आहे एवढे तरी त्यांच्यापासून लपवू नये.

– एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली