जपानचा रेल्वे पास घेण्याआधी तिकिटांची बेरीज करा

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत जपानला जाणारी कुटुंबे आता चिपळूण, रत्नागिरी, कुडाळमधूनही निघू लागली आहेत. व्हिसा आणि विमानाच्या तिकिटापाठोपाठ त्यांच्या यादीत 'जपान रेल पास', म्हणजे ठरावीक दिवस तिथल्या रेल्वेने हवा तितका प्रवास करू देणारा पास, असतो आणि बहुतेकदा तो हिशेब न मांडताच घेतला जातो. कारण उघड आहे. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडले की काही मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यामुळे पास हाती असला की गाडीची चिंता मिटली, असे वाटते. पण तिथला पास जागेची हमी देत नाही. जागा वेगळी राखून घ्यावी लागते. त्याचे पैसे पडत नाहीत इतकेच. शिवाय टोकियो–ओसाका मार्गावर नोझोमी ही सर्वांत वेगवान शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत सुटते. मोठ्या सुट्ट्या सोडल्या तर त्याच दिवशी तिकीट काढूनही जागा मिळते.

1 ऑक्टोबर 2023 पासून सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासची किंमत 29,650 येनवरून एकदम 50,000 येन झाली. चौदा दिवसांचा 47,250 वरून 80,000 वर गेला. 'पास घ्या, फायदाच आहे' हा सल्ला त्याआधीचा आहे आणि तोच अजून तोंडोतोंडी फिरतो आहे.

आपल्याकडची मंडळी साधारणपणे टोकियो, क्योटो, नारा, ओसाका आणि परत टोकियो अशी फिरतात. टोकियो–क्योटो नोझोमीचे राखीव तिकीट सुमारे 14,200 येन, ओसाका–टोकियो सुमारे 14,700. क्योटो–ओसाका साध्या गाडीने सहाशेच्या आत, नारा हजाराच्या आत. नारिता विमानतळावरून शहरात आणणारी नारिता एक्स्प्रेस एका वेळेला तीन हजारांच्या आसपास. सगळे धरून 35 ते 37 हजार येन होतात. म्हणजे पास घेणारा माणशी किमान तेरा हजार येन जास्त मोजतो. येन साठ पैशांना धरला तर चार मोठ्या माणसांमागे तीस हजार रुपयांहून जास्त. दर बदलत असतात, म्हणून ही बेरीज निघण्यापूर्वी त्या वेळचे आकडे घेऊन करावी, पण करावीच.

पास कुठे चालत नाही, हेही आधी पाहावे. तो जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांच्या गाड्यांचा पास आहे. टोकियो आणि ओसाकाची मेट्रो, क्योटोच्या शहर बस, खासगी रेल्वे यांत तो चालत नाही. फुजी पर्वताचे दर्शन घ्यायला कावागुचिकोला जाताना ओत्सुकीपर्यंत जेआर आहे, पुढची फुजी क्यूको खासगी. तिचे तिकीट वेगळे. शहरात हिंडताना सुइका किंवा इकोका कार्डात पैसे भरून ठेवले की काम भागते. क्योटोतल्या फुशिमी इनारीला जेआर जाते खरी, पण ते भाडे दीडशे येनच्या घरात. पन्नास हजारांचा पास अशा फेऱ्यांनी वसूल होत नाही.

नोझोमीची गोम तर हमखास नजरेतून सुटते. पासवर हिकारी आणि कोदामा या जास्त थांबे घेणाऱ्या शिंकान्सेन मोफत, पण नोझोमीत बसायचे तर टोकियो–क्योटोसाठी 4,960 येनचे जादा तिकीट आधी काढावे लागते. हिकारी तासाला साधारण दोनच. पासवर हिरोशिमाला जायचे तर ओसाका किंवा कोबेला उतरून साकुरा ही पुढची शिंकान्सेन पकडायची, सामान आणि मुलांसकट.

मग पास कोणी घ्यावा? टोकियोहून हाकाता, म्हणजे फुकुओकापर्यंत जाऊन सात दिवसांत परतणाऱ्याने. नोझोमीचे एका बाजूचे भाडेच 23 हजारांच्या वर आहे. वाटेत एखादे शहर पाहिले की पासचे पैसे वसूल होतात. टोकियो–हिरोशिमा–टोकियो चाळीस हजारांच्या आसपास बसते, म्हणजे विमानतळाची ये-जा धरूनही पास जेमतेम काठावर. दिवस सलग मोजले जातात आणि रात्री बाराला बदलतात. पहिले तीन दिवस टोकियोतच असाल तर पास चौथ्या दिवशी सुरू करावा. तारीख पास हाती घेतानाच ठरते. पास हरवला तर दुसरा मिळत नाही.

क्योटो-ओसाकाहून हिरोशिमा एवढेच करायचे असेल, तर जेआर वेस्टचा पाच दिवसांचा कान्साई–हिरोशिमा पास पाहावा. तो सुमारे 17,000 येनचा आहे आणि शिन-ओसाका (ओसाकाचे शिंकान्सेन स्थानक) ते हिरोशिमा नोझोमीतही चालतो. मात्र क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा असल्याने तिथे चालत नाही. तेवढ्यापुरते जेआरच्या साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात शिन-ओसाकाला यावे. आणि विमानाने टोकियोला उतरून परतीचे विमान ओसाकाहून घेतले, तर मागे येण्याचे चौदा-पंधरा हजार येन आणि अर्धा दिवस दोन्ही वाचतात. माझ्या मते पास घेण्याऐवजी आधी हाच पर्याय पाहावा.

मुलांच्या बाबतीत, सहा ते अकरा वयाला अर्धे भाडे; सहाच्या आतले मूल वेगळी जागा न घेता मोठ्यांबरोबर फुकट. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठ्या सामानाची जागा असलेले आसनच राखून घ्यावे. त्याचे जादा पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर 1,000 येन भरावे लागतात.

आता मे महिन्याबद्दल. आपली आंब्याच्या दिवसांतली सुट्टी आणि जपानचा 'गोल्डन वीक' हा सुट्ट्यांचा आठवडा एकाच वेळी येतात: 29 एप्रिल ते 5 मे. त्या दिवसांत नोझोमीचे सगळे डबे राखीव असतात. तिकीट खिडकीवरचे आरक्षण एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या साडेसहाला उघडते. 3 मेच्या गाडीचे 3 एप्रिलला. 'स्मार्ट ईएक्स' अॅपवरून घरूनही तिकीट काढता येते. त्यासाठी बँकेकडून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून घ्यावेत. टोकियोहून जाताना ई क्रमांकाचे आसन मागावे. आकाश निरभ्र असेल तर फुजी त्या खिडकीतून दिसतो.

कागदी तिकीट बहुधा दोन चिठ्ठ्यांत मिळते, एक भाड्याची, दुसरी जलद गाडीची. फाटकाच्या यंत्रात दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालाव्यात; एकच घातली तर फाटक उघडत नाही. पलीकडच्या बाजूला दोन्ही पुन्हा वर येतात. त्या घ्यायला विसरू नये, उतरल्यावर लागतात.

— एक वाचक, रत्नागिरी